वाळूजच्या मालक लोकांनो, ड्रम उचलणाऱ्या पोराला आधी शिकवा

प्रति,
छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव, पैठण इथले समस्त कारखानदार, प्लांट हेड, एचआरवाले आणि लेबर पुरवणारे ठेकेदार

नमस्कार मंडळी,

मी तुमच्यातल्याच एका कंपनीत ईटीपीवर असतो, म्हणजे प्लांटचं घाण पाणी साफ करून स्लज, म्हणजे गाळ, वेगळा काढायचं काम, नाव सांगत नाही कारण नोकरी पाहिजे. आणि कुणा एका कंपनीची तक्रार करायला बसलोच नाही, या आधी दुसऱ्या दोन ठिकाणी काम केलं तिथं पण हेच होतं, दोस्त लोक शेंद्र्याला आहेत ते पण हेच सांगतात.

विषय हॅझार्डस वेस्टचा, म्हणजे कारखान्यातल्या धोकादायक कचऱ्याचा आहे आणि ते हातानं उचलणाऱ्या माणसाच्या ट्रेनिंगचा.

ट्रेनिंगचं रजिस्टर तुमच्या सगळ्यांकडं आहे हे मला माहीत आहे, आणि ते टापटीप पण असतं, फाईलला लेबल, आत कव्हर, तारीखवार पानं. फक्त ते भरतं कसं ते पण आम्हाला माहीत आहे. ऑडिट आलं की आदल्या दिवशी सुपरवायझर कागद घेऊन फिरतो, पोरगा पोछा मारायला लागलेला असतो, त्याला म्हणतो सही कर, तो मॉपचा दांडा काखेत धरून सही करतो, कशाची विचारत पण नाही कारण विचारून काय होणार. एका पानावर तर मी एकाच पेनानं, एकाच वळणाच्या अक्षरात सगळ्यांच्या सह्या बघितल्यात, आणि वरची तारीख बघितली तर त्या दिवशी कंपनी बंद होती. ऑडिटरनं पान उलटलं, टिक केली, चहा पिला, गेला. विषयाच्या रकान्यात काय होतं माहितीये का, "हॅझार्डस वेस्ट हँडलिंग अँड इमर्जन्सी रिस्पॉन्स". सही करणाऱ्यातल्या निम्म्यांना ते वाचता पण येत नव्हतं.

आता बघा, वेस्टला हात कोण लावतं. परमनंट माणूस सीएनसीवर असतो, पेंट शॉपला असतो, प्लेटिंग लाईनला असतो, त्याला थोडंफार माहीत असतं, जुने लोक सांगतात. पण पेंट बूथच्या खालचा चिकट गाळ खरवडून काढणारा, फिल्टर प्रेसचा केक, म्हणजे दाबून पाणी काढलेला गाळ, गोणीत भरणारा, थिनरनं ओले झालेले बनियन वेस्टचे, म्हणजे पुसायच्या चिंध्यांचे, गोळे डबड्यात कोंबणारा, वापरलेलं तेल ड्रममध्ये ओतणारा आणि ते ड्रम लोळवत लोळवत यार्डापर्यंत नेणारा हा ठेकेदाराचा हेल्पर असतो. सेनगावचा असतो, जिंतूरचा, मंठ्याचा, वडवणीचा, नाहीतर बिहारचा. पाऊस पडला नाही किंवा कपाशी गेली की येतो, रांजणगाव शेणपुंजीला किंवा बजाजनगरला पाच जणांत खोली घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याच्या हातात झाडू असतो. त्याला हेल्मेट देतात, पिवळं जॅकेट देतात, गेटवर फोटो काढतात, झालं इंडक्शन.

आणि तुम्ही म्हणता तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय.

साहेब, कायदा असं म्हणत नाही. हॅझार्डस वेस्टचे २०१६ चे नियम आहेत ना, ज्याच्यावर तुमचं ऑथोरायझेशन, म्हणजे हा कचरा ठेवायची-हाताळायची परवानगी, निघतं, त्याच्या चौथ्या नियमात ऑक्युपायरची, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी लिहिलेली आहे, त्यात साफ आहे की जागेवर काम करणाऱ्या माणसांना त्यांच्या सुरक्षेसाठी लागणारं ट्रेनिंग, साधनं आणि माहिती द्यायची. जागेवर काम करणारी माणसं, एवढंच. परमनंट, टेम्पररी, ठेकेदाराचा, ट्रेनी असली काही फोड केलेली नाही. किती कामगार असले की लागू हे पण तिथं नाही, म्हणजे तीस माणसांचं पावडर कोटिंगचं शेड असलं तरी ते आलंच. आणि जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तर कामगाराची व्याख्याच अशी होती की ठेकेदारामार्फत आलेला, मूळ मालकाला माहीत असो नसो, मशीन किंवा कारखान्याची जागा साफ करणारा, तो पण कामगारच. १९४८ सालच्या कायद्यात साफसफाईवाला धरलेला आहे आणि आपण अजून त्याला हिशोबात धरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, आता फॅक्टरी ॲक्ट गेला म्हणून काही लोक खुश दिसायलेत. उगाच खुश होऊ नका. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगाराला देणं, धोका दिसला तर ओरडून सांगायचा त्याचा हक्क, हे नव्या कोडमध्ये पण आहे. भोपाळ झालं १९८४ ला, त्याच्यानंतर १९८७ ला फॅक्टरी ॲक्टमध्ये हे घातलं होतं, ती गोष्ट नव्या कोडनं काढलेली नाही. उलट एक गोष्ट लक्षात घ्या, सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती धोक्याच्या प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार झाल्यावर आहे, बाकीच्यात ५०० वर. आपल्याकडं वाळूजमध्ये छोटे युनिट किती आहेत ते तुम्हालाच माहीत. तिथं सेफ्टी ऑफिसर नाही म्हणजे शिकवायचं काम दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही, ते मालकावरच येतं.

भोपाळचा विषय निघालाच तर, त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला आणि जूनच्या शेवटापर्यंत जाळून संपवला. चाळीस वर्षं तो तिथंच पडून होता. आपल्याकडं नव्वद दिवसांच्या वर साठवायचा नाही असा नियम आहे, तरी काही काही यार्डात ड्रमांवर गवत उगवलेलं दिसतं.

आता ट्रेनिंग जे होतं त्याबद्दल. ४ मार्चला सेफ्टी डे असतो, बॅज लावतात, शपथ घेतात, समोसा मिळतो, पोस्टर स्पर्धा होते, बक्षीस साहेबाच्या हातून. वाईट काही नाही त्यात, समोसा मी पण खातो. वर्षातून एकदा पुण्याचा कन्सल्टंट येतो, एसीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये पन्नास-साठ स्लाईड दाखवतो, सगळं इंग्रजीत, मधेच फॉरेनचा एक व्हिडिओ ज्यात गोरा माणूस अंतराळवीरासारखा सूट घालून ड्रम उचलतो. आमचा हेल्पर बघत बसतो, त्याच्या पायात स्लीपर असते. अन् हॉलमध्ये बसायला त्याला बोलवलं तरी भाग्य, कारण बहुतेक वेळा स्टाफला बसवतात, खुर्च्या तेवढ्याच असतात म्हणून.

त्याला काय शिकवायला पाहिजे ते मी सांगतो, कारण मी रोज त्याच्या बाजूला उभा असतो.

पहिलं म्हणजे रिकामा ड्रम. आख्ख्या मराठवाड्यात निळा ड्रम म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. टँकर येणाऱ्या प्रत्येक गावात, प्रत्येक तांड्यावर, दारापुढं दोन-चार निळे ड्रम असतातच, मार्च लागला की पाण्यासाठी ड्रम शोधत फिरतात लोक. तर आपला हेल्पर बघतो की कंपनीच्या मागं दोनशे लिटरचे ड्रम ढिगानं पडलेत, तो सुपरवायझरला म्हणतो भाऊ एक न्यू का गावाकडं, सुपरवायझरला वाटतं गरीब आहे बिचारा, ने म्हणतो. नाहीतर भंगारवाला घेतो आणि तो बाजारात विकतो. मला सांगा, त्या पोराला कुणी सांगितलं का की नियमांच्या यादीत केमिकलचा रिकामा ड्रम हा हॅझार्डस वेस्टच आहे, ३३.१ नंबरला, आणि तो परवानगी असलेल्या माणसाकडंच धुवायला द्यावा लागतो? त्याला कुणी सांगितलं का की प्लास्टिकच्या भिंतीत सॉल्व्हंट मुरतं, ते निरम्यानं चार वेळा धुतलं तरी निघत नाही, वास गेला म्हणजे माल गेला असं नसतं? त्याची आई त्यातलं पाणी पिणार आहे, लेकरं पिणार आहेत. इथं चोरी-बिरीचा प्रश्नच नाही, माहिती दिली असती तर त्यानं फुकट दिला तरी नेला नसता.

आणि लोखंडी ड्रम असला तर आणखी बेकार. थिनरचा ड्रम रिकामा झाला, वर झाकण लावलं, आत बोटभर थिनर तळाला राहिलं. उन्हात त्याची वाफ होते, आत हवा आहेच. आता कुणीतरी म्हणतं याचा वरचा पत्रा कापून कचऱ्याचा डबा करू, किंवा शेगडी करू, आणि गॅस कटर नाहीतर ग्राइंडर घेऊन बसतो. भरलेल्या ड्रमला एवढी भीती नसते कारण आत हवा कमी असते, रिकाम्यात हवा आणि वाफ दोन्ही बरोबर मिसळून बसलेली असतात, एक ठिणगी पडली की झाकण तोंडावर येतं. हे समजावायला मला दहा मिनिटं लागतात, स्लाईड लागत नाही, ड्रमाजवळ उभं राहून सांगितलं की पोरगं बरोबर लक्षात ठेवतं. आमच्याकडं एकदा असंच एक जण छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता, कटर मिळाला नाही म्हणून, तेवढ्यात फोरमननं बघितलं म्हणून वाचलं सगळं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, साहेबच म्हणले की डबा करून टाक.

दुसरं, कॅन मिसळणं. हेल्परला सांगितलेलं असतं की जागा कमी आहे, उरलंसुरलं एकाच कॅनमध्ये कर. कॅन सगळे सारखेच दिसतात, ॲसिडचा पण तोच, हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचसारखं) पण तोच, लेबल केव्हाच निघून गेलेलं. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायपो एकत्र झालं की क्लोरीन निघतो. झिंक प्लेटिंगला जिथं अजून सायनाइडचा बाथ आहे तिथं त्या पाण्यात ॲसिड गेलं की हायड्रोजन सायनाइड, तिथं तर पळायला पण वेळ मिळत नाही. त्याला केमिस्ट्री शिकवायला कुणी सांगत नाही, एवढंच शिकवा की कोणता कॅन कोणत्या कॅनच्या बाजूला पण ठेवायचा नाही, आणि लेबल नसलेला कॅन कुणाच्याही सांगण्यावरून ओतायचा नाही. अगदी प्लांट हेड म्हणला तरी नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही स्वतः त्याला सांगा, आमच्या तोंडून ऐकून तो विश्वास ठेवत नाही.

तिसरं सगळ्यात मोठं, टाकीत उतरणं. दिवाळीची सुट्टी घ्या. चार-पाच दिवस कंपनी बंद, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद, इक्वलायझेशन टँकच्या, म्हणजे घाण पाणी आधी जिथं गोळा होतं त्या टाकीच्या तळाला स्लज सडत बसतो, हवा मिळत नाही तर त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पंप चोक, साहेब म्हणतात उतरव कुणालातरी. वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, थोडा सडक्या अंड्याचा वास येतो. मग तो खाली जातो, गाळ ढवळतो, आणि ढवळल्यावरच तर गॅस वर येतो. आता या गॅसची गोची अशी की थोडा असला तर वास येतो, जास्त झाला तर नाकच बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो, माणसाला वाटतं गेला वाटतं वास, आणि तो तिथंच खाली बसतो. हवेपेक्षा जड असल्यामुळं तो तळालाच राहतो. वरचा दोस्त बघतो अरे पडला, त्याला काढायला हा उतरतो, मग तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथं सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले, नातेवाईक होते एकमेकांचे. तो कारखाना नव्हता पण गॅसला काय माहीत कारखाना का शेतातली टाकी. आपल्या टाक्या तर त्याच्याहून खोल आहेत.

याचा नियम जुना आहे, फॅक्टरी ॲक्टचं ३६ वं कलम होतं. आधी आतली हवा तपासायची, सक्षम माणसानं लेखी द्यायचं की उतरायला हरकत नाही, नाहीतर श्वास घ्यायचं उपकरण लावायचं, कमरेला पट्टा, त्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. गॅस डिटेक्टर बऱ्याच कंपन्यांत आहे, स्टोअरच्या कपाटात कुलपात, चावी दिवसपाळीच्या माणसाकडं. रात्री टाकी चोक झाली तर? तर डोक्यानं चालतं, माचिस लावून बघणारे पण महाभाग आहेत. म्हणून म्हणतो, त्या पोराला बाकी काही शिकवू नका एक वेळ, पण एवढं शिकवा की दोस्त खाली पडला तर उतरायचं नाही. उतरायचं नाही. ओरडायचं, दोर ओढायचा, ब्लोअर लावायचा, फायरवाल्यांना बोलवायचं. माणूस स्वभावानं उतरतोच हो, त्यातून आपल्या गावाकडचा असला तर मग विचारूच नका, म्हणून हे पुन्हा पुन्हा घोकून घ्यावं लागतं, एका सहीनं होत नाही.

पीपीईचं, म्हणजे हातमोजे-मास्क असल्या अंगावरच्या सुरक्षा साधनांचं थोडक्यात सांगतो. सुती हातमोजे थिनरला आणि ॲसिडला चालत नाहीत, उलट ते भिजून बसतात आणि केमिकल कातडीला चिकटवून ठेवतात. त्या दहा-वीस रुपयांच्या मास्कनं धूळ अडते, वाफ अडत नाही, वाफेला काडतूसवाला मास्क लागतो आणि ते काडतूस कधी बदलायचं ते पण सांगावं लागतं. परचेसवाल्यांनी एकदा पेंट शॉपच्या मागं अर्धा तास उभं राहून मग ऑर्डर टाकावी, रेट आपोआप बदलेल.

क्रोमच्या लाईनला किंवा त्या पाण्याजवळ काम करणाऱ्यांचं वेगळं आहे. बोटांच्या बेचक्यात, नखाजवळ बारीक भोकासारख्या जखमा होतात, दुखत पण नाहीत फार, भरत पण नाहीत. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. हा नोंद करायचा व्यवसायजन्य आजार आहे, फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या अनुसूचीत नाव होतं त्याचं. पण होतं काय, पोरगा ईएसआयच्या दवाखान्यात जातो, डॉक्टर विचारतात काय झालं, तो म्हणतो खाज आली. डॉक्टर खाजेचं मलम देतात, त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नाही की हा क्रोमच्या पाण्यात हात घालतो. यालाच माहीत नाही तर तो काय सांगणार. म्हणून ट्रेनिंगमध्ये हे पण आलं पाहिजे की तू ज्याला हात लावतोस त्याचं नाव हे, दवाखान्यात गेला तर हे नाव सांग, डोळ्यात उडालं तर आधी पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धर आणि मग गाडी शोध. एक कार्ड छापा मराठीत आणि हिंदीत, खिशात मावेल असं. ॲडमिन दिवाळीला डायरी छापतेच ना.

लेबलवरून आठवलं. हॅझार्डस वेस्टच्या ड्रमावर जे लेबल लावायचं त्याचा नमुना नियमात आहे, फॉर्म ८. चमकणारा पिवळा कागद, त्यावर लाल अक्षरात "हॅझार्डस वेस्ट" आणि "हँडल विथ केअर", आणि हे हिंदीत, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. स्थानिक भाषेत म्हणजे मराठीत, साहेब! नियम करणाऱ्यांना सुचलं की उचलणारा माणूस कोण असणार आहे. पाण्यानं जाणार नाही, ऊन-पावसात टिकेल असं पाहिजे ते. आपल्याकडं काय असतं, ए-फोर कागदावर काळी प्रिंट, वरून सेलोटेप, पहिल्या पावसात गायब. काही ठिकाणी तर लेबलच नाही, मार्करनं "वेस्ट" लिहिलेलं, कशाचं वेस्ट ते देवाला ठाऊक.

गाडी निघते तेव्हाचं पण सांगतो, मग थांबतो. आपल्याकडचा माल रांजणगावला जातो, शेणपुंजीवालं नाही, शिरूरकडचं. राज्यात हॅझार्डस वेस्टची विल्हेवाट लावायची अशी केंद्रं मोजकीच आहेत, तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी. म्हणजे नगर रोडनं दीडशे किलोमीटरच्या वर ड्रायव्हर हा माल घेऊन जाणार. मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीबरोबर जाणारा मालाचा कागद, आपण व्यवस्थित भरतो, फॉर्म १०, ते पोर्टलवर चढवावं लागतं म्हणून. पण ड्रायव्हरजवळ जे इमर्जन्सीचं कार्ड द्यायचं असतं, गळती झाली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते त्याला वाचून दाखवतं का कुणी? मी एका ड्रायव्हरला विचारलं होतं गाडीत काय आहे, तो म्हणाला कंपनीचा गाळ. गाळ म्हणजे शेतात टाकतात तसला. गंगापूरच्या पुढं कुठं पलटी झाली आणि गावकरी गोळा झाले तर तो त्यांना काय सांगणार? आणि भरणारा हेल्पर तर भरून मोकळा होतो, ड्रमाचं झाकण आवळलं की नाही तेवढं बघायला शिकवलं तरी पुष्कळ आहे.

यार्डातून पावसाचं पाणी कुठं जातं ते वेगळं सांगत नाही. नाल्यातून खाम, खामेतून नाथसागर आणि तिथूनच पाइपलाईननं तुमच्या माझ्या नळाला.

आता तुमची बाजू पण ऐकलेली आहे मी, कॅन्टीनमध्ये बसून सगळं कानावर येतं. पहिलं म्हणता, ही पोरं टिकतच नाहीत, दोन महिन्यांत पळून जातात, कितींदा शिकवायचं. बरोबर आहे, टिकत नाहीत. मग वर्षातून एकदा ४ मार्चला शिकवून कसं भागेल, जूनमध्ये आलेला पोरगा पुढच्या मार्चपर्यंत राहणारच नाही. माणसं बदलायलीत म्हणून तर पहिल्या दिवशीच शिकवलं पाहिजे, कामाला लावायच्या आधी, अर्धा दिवस. दुसरं म्हणता प्रॉडक्शन थांबतं. हाऊसकीपिंगच्या दोन पोरांना अर्धा दिवस बसवलं म्हणून कोणती लाईन थांबते ते मला कुणीतरी दाखवावं. तिसरं म्हणता, ठेकेदाराला ॲग्रीमेंटमध्ये लिहून दिलंय की ट्रेनिंग त्यानं द्यायचं. ठेकेदार दादांनो तुम्हीच सांगा, तुमच्या ऑफिसात एक टेबल, एक मुनीम आणि हजेरीची वही, तुम्ही फॉस्फेट स्लजचं काय ट्रेनिंग देणार? तुम्हाला तर प्लांटच्या आत पण जाता येत नाही पास असल्याशिवाय. लिहून देणाऱ्याला पण माहीत आहे आणि लिहून घेणाऱ्याला पण.

एक चौथी गोष्ट कुणी तोंडानं बोलत नाही, की समजा काही झालंच तर मिटवता येतं. पूर्वी पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत जेल होती, जन विश्वास कायद्यानंतर एप्रिल २०२४ पासून तिथं दंड आला, दहा हजारापासून पंधरा लाखापर्यंत. मला विचाराल तर हे बरं झालं नाही, जेलची भीती वेगळी असते, दंड हिशोबात बसवता येतो. पण उद्योजक संघटनांच्या मीटिंगमध्ये याचं स्वागत झालं असणार, तर मग त्याच मीटिंगमध्ये हे पण ठरवा की आता भीती नाही तर आपण होऊन करू. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार गेले, ती गोष्ट वेस्टची नव्हती, पण त्या सकाळी एमआयडीसीत कुणाच्या तोंडावर रंग नव्हता हे तुम्हाला पण आठवत असेल. मग पंधरा दिवस सगळीकडं फायर एक्स्टिंग्विशर चेक झाले.

एमपीसीबी (प्रदूषण नियंत्रण मंडळ) आणि डिशच्या (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय) साहेबांना पण या पत्राची एक प्रत समजा. तुमच्याकडं माणसं कमी आहेत हे मान्य, कारखाने ढीगभर आहेत. पण येता तेव्हा रजिस्टर बघायच्या आधी एकदा मागच्या बाजूला यार्डात चक्कर मारा, मालकाला न घेता, आणि तिथं जो पोरगा ड्रम लोळवत असेल त्याला दोन प्रश्न विचारा, यात काय आहे आणि अंगावर सांडलं तर काय करशील. त्याला उत्तर आलं तर रजिस्टर बघायची गरज नाही आणि नाही आलं तर पण नाही.

शिकवायला कोण हा प्रश्न असला तर बाहेरून कुणाला आणायची गरज नाही. प्रत्येक कंपनीत ईटीपीवर, पेंट शॉपला, स्टोअरला दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं आहेत, त्यांना सगळं माहीत आहे, कुठला वास आला की बाहेर पळायचं ते सुद्धा. त्यांना दोन दिवस डिशनं मान्यता दिलेल्या ठिकाणी पाठवा, मग ते मराठीत नाहीतर हिंदीत, यार्डात उभं राहून, खऱ्या ड्रमावर आणि खऱ्या टाकीजवळ शिकवतील. झालं की सही घेण्यापेक्षा त्याच्याकडून करून घ्या, दोर बांधून दाखव, मास्क लावून दाखव, लेबल वाचून दाखव, वाचता येत नसलं तर रंगावरून सांग. जो शिकवेल त्याला थोडा भत्ता द्या, फुकटात उस्तादी कुणी करत नाही. टाकीत उतरायला नाही म्हणणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं गेटवरून परत पाठवलं असं व्हायला नको, हे ठेकेदाराला लेखी द्या, कारण पोरं नाही म्हणत नाहीत त्याचं खरं कारण ते आहे.

आणि नाईट शिफ्टवाल्यांना ट्रेनिंगसाठी दिवसा बोलवणार असाल तर त्या दिवसाची हजेरी लावा. मागच्या वेळी नव्हती लावली.

तुमच्याच वसाहतीतला,
एक ईटीपी ऑपरेटर
वाळूज